नाताळचा गोठा आणि मुलांचे हात

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की, आपल्या वसई धर्मप्रांतातील गावागावांत व वाड्यावाड्यांत एक ओळखीची लगबग सुरू होते. घराच्या अंगणात, विहिरीच्या कडेला किंवा क्रूसाजवळच्या मोकळ्या जागेत मुले जमू लागतात. कुणी बांबू आणतो, कुणी पेंढा मागून आणतो, कुणी जुन्या पेटीतील मूर्ती बाहेर काढून पुसू लागतो. काही दिवसांतच तेथे बाळ येशूचा गोठा उभा राहतो आणि येणारा-जाणारा क्षणभर थांबून नमस्कार करून पुढे जातो.

मात्र अलीकडे ह्या चित्रात बदल होत आहे. बाजारात तयार गोठे मिळतात. मूर्ती, दिवे आणि बर्फाचा आभास निर्माण करणारा कापूससुद्धा एकाच खोक्यात मिळतो. आईवडिलांना वेळ नसतो, मुलांना अभ्यास असतो, अंगणाच्या जागी इमारतीचा जिना आलेला असतो. दहा मिनिटांत गोठा मांडून होतो आणि नाताळची एक ‘तयारी’ पूर्ण होते. ह्यात पाप नाही, परंतु काहीतरी हरवते हे निश्चित. जे हरवते ते नेमके काय आहे आणि अंगणात, स्वतःच्या हातांनी गोठा उभारणाऱ्या मुलाला त्यातून काय मिळते, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखात करणार आहोत.

पहिला गोठा : ग्रेच्चो, १२२३

गोठ्याची परंपरा असिसीच्या संत फ्रान्सिस ह्यांच्यापासून लोकप्रिय झाली, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेलो असतो. ती घटना मुलांना सविस्तर सांगण्यासारखी आहे. इटलीतील रिएती खोऱ्यात ग्रेच्चो नावाचे एक डोंगराळ गाव आहे. इ. स. १२२३ साली नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी संत फ्रान्सिस ह्यांनी तेथील जोव्हान्नी नावाच्या आपल्या स्नेह्याला बोलावून एक विनंती केली. बेथलेहेममध्ये जन्मलेल्या बाळाला कोणत्या गैरसोयी सोसाव्या लागल्या, ते कसे गवतावर निजले, जवळ बैल आणि गाढव कसे उभे होते, हे सारे त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहावयाचे होते.

जोव्हान्नीने तशी तयारी केली. डोंगरातील एका जागी गव्हाण मांडण्यात आली, तिच्यात वाळलेले गवत घालण्यात आले, खराखुरा बैल आणि खरेखुरे गाढव आणण्यात आले. आसपासचे लोक मशाली व मेणबत्त्या घेऊन रात्री डोंगर चढून आले. त्या गव्हाणीवरच मिस्साबलिदान अर्पण करण्यात आले आणि उपयाजक असलेल्या फ्रान्सिस ह्यांनी शुभवर्तमान गायिले. तेथे मूर्ती नव्हत्या. होते ते गवत, जनावरे, थंडी आणि माणसे. फ्रान्सिस ह्यांचे चरित्रकार, चेलानोचे थॉमस, ह्यांनी थोड्याच वर्षांत ही हकिगत लिहून ठेवली आहे. म्हणूनच ती आज आपल्याला इतक्या बारकाव्याने ठाऊक आहे.

म्हणजे आपल्या परंपरेतील हा पहिला गोठा बाजारातून आला नव्हता. तो उघड्यावर, त्या गावात जे उपलब्ध होते त्यातून आणि गावकऱ्यांच्या हातांनी उभा राहिला होता. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ह्याच ग्रेच्चो गावी जाऊन गोठ्याचा अर्थ व महत्त्व सांगणाऱ्या ‘अद्मिराबिले सिग्नुम’ ह्या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली. घरे, शाळा, रुग्णालये, तुरुंग, चौक अशा सर्व ठिकाणी ही प्रथा जपली जावी, अशी इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली. गोठा कसा मांडला आहे ह्याला फारसे महत्त्व नाही, तो आपल्या जीवनाशी बोलतो का हे महत्त्वाचे आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. पालकांनी हे वाक्य मनात धरून ठेवावे. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

आधी शुभवर्तमान, मग बांबू

गोठा उभारण्यापूर्वी मुलांना एकत्र बसवून संत लूक ह्यांच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आणि संत मत्तय ह्यांच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचून घ्यावा. नंतर त्यांना विचारावे, ‘आपल्याला काय काय बनवावे लागेल?’ मुले यादी करू लागतात आणि येथेच शिक्षण सुरू होते.

लक्ष देऊन वाचणाऱ्या मुलाच्या ध्यानात येते की संत लूक गव्हाणीचा उल्लेख करतात (लूक २:७), परंतु ‘गोठा’ असा शब्द तेथे नाही. बैल आणि गाढव तर त्या उताऱ्यात कोठेच नाहीत. ते आले यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आरंभीच्या वचनावरून (यशया १:३). बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते, पण देवाची प्रजा मात्र त्याला ओळखत नाही, असे तेथे संदेष्टा खेदाने सांगतो. पूर्वेकडील ज्ञानी पुरुष संत मत्तय ह्यांच्या वृत्तांतात येतात, परंतु ते तीन होते असे मत्तय सांगत नाहीत. सोने, ऊद आणि गंधरस ह्या तीन भेटींवरून परंपरेने त्यांची संख्या तीन मानली. शिवाय ज्ञानी पुरुष ‘घरात’ गेले असे वचन आहे. म्हणून अनेक घरी त्यांच्या मूर्ती गोठ्यापासून दूर ठेवतात आणि प्रभू प्रकटीकरणाच्या सणापर्यंत त्या रोज थोड्या थोड्या पुढे सरकवितात.

जे मूल गाढव बनविणार आहे, त्याला ते गाढव कोठून आले हे जाणून घ्यावेसे वाटते. नुसते ऐकलेले प्रवचन विसरले जाते. हाताला काम असले की प्रश्न आपोआप सुचतात.

मोजमाप : बाळ किती लहान?

पहिले काम जागा आणि माप ठरविण्याचे. गोठ्याचे माप मूर्तींवरून ठरते. प्रौढ माणसाची मूर्ती सहा इंच उंच करावयाची असे ठरले, तर बाकीच्या गोष्टी त्या प्रमाणात हव्यात. दार किमान सात-आठ इंच हवे, नाहीतर संत जोसेफ आत जाणार कसे? बैल पाठीपर्यंत साधारण साडेचार इंच, मेंढी अडीच इंच. हे हिशेब मुलांनीच करावेत. शाळेत कंटाळवाणे वाटणारे गुणोत्तर व प्रमाण येथे कामाला येते आणि चुकले तर लगेच दिसते.

ह्याच मापाने बाळ येशू किती मोठा होईल, हेही मुलांना काढावयास सांगावे. नवजात बालकाची लांबी साधारण पन्नास सेंटिमीटर, म्हणजे सुमारे वीस इंच असते. सहा इंची माणसाच्या गोठ्यात ते बाळ पावणेदोन इंचांचे होते. बाजारातील बाळ बहुधा मेंढीपेक्षाही मोठे असते. स्वतः मोजून केलेले बाळ मात्र बोटभर होते. मुले आश्चर्याने म्हणतात, ‘इतका लहान!’ होय, इतका लहान. देव किती लहान होऊन आपल्याकडे आला, हे सांगण्यासाठी आपण कितीतरी शब्द वापरतो. येथे ते मुलाच्या तळहातावर असते.

सांगाडा आणि छप्पर

आपल्या भागातील जुन्या घरांचे शब्द आता विस्मरणात चालले आहेत. मेढी, आढे, वासे, पाखे, वळचण, कुड ही सारी शब्दसंपत्ती गोठा बांधताना पुन्हा जिवंत होते. जमिनीत रोवलेल्या टोकाशी दुबेळके असलेल्या खांबांना मेढी म्हणतात. त्यांवर आडवे ठेवतात ते आढे. आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरतात ते वासे. बांबूच्या कामट्यांची किंवा काटक्यांची विणून केलेली, मातीने लिंपलेली भिंत म्हणजे कुड. आपल्या धर्मप्रांताच्या पूर्वेकडील पाड्यांत आदिवासी बांधव अशी कुडाची घरे पिढ्यान्‌पिढ्या बांधत आले आहेत. आजोबांना किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध गृहस्थांना बोलावून मुलांना ही नावे सांगावयास लावावी. ज्या आजोबांशी नातू एरवी दोन शब्द बोलत नाही, त्यांच्याभोवती तो त्या दिवशी तासभर बसतो.

चार बांबू सुतळीने चौकटीसारखे बांधले की ती चौकट हलते, एका बाजूला कलते. मुले गाठी अधिक आवळतात, तरीही ती कलतेच. मग एक कामटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी बांधून पाहावी. चौकट एकदम ताठ उभी राहते. चौकोनाच्या कोनांत बदल होऊ शकतो, त्रिकोणाच्या होत नाही, हे कारण नंतर सांगावे. आधी हाताला कळू द्यावे. पुलांचे सांगाडे आणि विजेचे मनोरे त्रिकोणांचे का असतात, हे त्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

छप्पर शाकारताना मुले हमखास वरून सुरुवात करतात. त्यांना अडवू नये. पेंढ्याच्या जुड्या वरून खाली लावून झाल्या की एक तांब्या पाणी ओतावयास सांगावे. सारे पाणी आत येते. मग जुड्या सोडून वळचणीकडून सुरुवात करावी आणि प्रत्येक वरची जुडी खालच्या जुडीवर थोडी चढवावी. आता पाणी एका जुडीवरून दुसरीवर घरंगळत बाहेर पडते. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे दव पडते, कधी अवकाळी पाऊसही येतो. चुकीचे छप्पर आपली चूक स्वतःच दाखवून देते. शिक्षकाची लाल शाई जे काम करते, तेच काम येथे दव करते, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही.

माती

मूर्ती विकत आणल्या तरी किमान मेंढरे आणि एक-दोन मेंढपाळ मुलांनी मातीचे करावेत. शाडूची माती उत्तम, पण शेताच्या बांधावरची चिकट मातीही चालते. ती कुटून, चाळून, भिजवून, चांगली मळून घ्यावी लागते. मळण्याचा कंटाळा केला तर आत हवा राहते आणि मूर्ती फुटते. नुसती चिकण माती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यात थोडी बारीक वाळू मिसळली तर भेगा कमी होतात. कुडाच्या लिंपणाला भाताचे तूस किंवा पेंढ्याचे बारीक तुकडे घालतात, तेही ह्याच कारणासाठी. मूर्ती उन्हात ठेवू नये, सावलीत हळूहळू वाळू द्यावी. बाहेरचा थर आधी वाळला आणि आत ओल राहिली की तडा जातो.

मुलांना घाई असते. आज केलेली मेंढी आजच रंगवावयाची असते. माती त्यांना थांबावयास शिकविते. तिला दोन-चार दिवस लागतात आणि कुणी हट्ट केला म्हणून ती लवकर वाळत नाही. हव्या त्या क्षणी हवे ते मिळण्याच्या ह्या काळात अशा वाट पाहण्याची सवय मुलांना अन्यत्र फारशी लागत नाही. आगमनकाळ तरी दुसरे काय आहे? तो वाट पाहण्याचाच काळ आहे.

पेरणी आणि पेरणाऱ्याचा दाखला

गोठ्याभोवती हिरवे शेत हवे असेल तर रंगविलेला भुसा नको, खरे धान्य पेरावे. गोमंतकात व मंगळूरकडे गोठ्यासाठी नाचणी किंवा भात पेरण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडे गहूही चांगला उगवतो. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरी घटस्थापनेला पेरलेले धान्य नऊ दिवसांत कसे वाढते, हे आपण पाहिलेले असते. दिवाळीत त्यांची मुले मातीचा किल्ला करतात आणि त्यावर अळीव, मोहरी उगवितात. ती मुले ह्या कामात तरबेज असतात. त्यांना आपल्या गोठ्यावर अगत्याने बोलवावे. शेजारधर्म भाषणांतून वाढतो त्याहून अधिक असा चिखलात वाढतो.

नाताळच्या रात्री रोपे पाच-सहा इंचांची हवीत, तर उलट मोजणी करावी लागते. साधारण १२ डिसेंबरच्या रात्री गहू भिजत घालावेत. सकाळी पाणी काढून ते ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. एक-दोन दिवसांत मोड दिसले की १४ किंवा १५ तारखेला पसरट टोपलीत किंवा पत्र्याच्या ट्रेमध्ये मातीवर दाट पसरावेत आणि वरून मातीचा पातळ थर द्यावा. पाणी शिंपडावे, ओतू नये. फार पाण्याने बुरशी येते. सावलीत ठेवलेली रोपे पिवळट होतात आणि उजेडाच्या दिशेने वाकतात, म्हणून टोपली रोज फिरवावी.

एखाद्याची टोपली कोंबड्या उकरतात. एखाद्याने माती फार पातळ घातलेली असते, त्याची रोपे दुपारच्या उन्हात माना टाकतात. एखाद्याच्या टोपलीत मात्र हिरवे गालिचे उगवते. त्या संध्याकाळी संत मत्तय ह्यांच्या शुभवर्तमानातील पेरणाऱ्याचा दाखला (मत्तय १३) वाचावा. पाखरांनी खाल्लेले बी, खडकाळ जमिनीत करपलेले बी आणि चांगल्या जमिनीतील बी ही त्या दिवशी मुलांच्या ओळखीची असतात. आपल्या वसईतील किती मुलांनी आज भाताचे रोप हातात धरले आहे? त्यांच्या आजोबांच्या शेतात आता इमारत उभी आहे. प्रभूचे दाखले शेतकऱ्यांना, मेंढपाळांना, कोळ्यांना सांगितलेले आहेत. माती ज्याला ठाऊकच नाही, त्याला ते दाखले पुस्तकातील गोष्टीच वाटणार. ही हानी लहान नाही.

आमची एक चूक

येथे आम्हाला आमचीच एक चूक सांगावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतील मुलांनी एक गोठा केला होता. छप्पर थोडे कललेले, कुड खडबडीत, गाढव तर कुत्र्यासारखे दिसत होते. गोठ्यांची स्पर्धा होती आणि परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. मुले झोपी गेल्यावर आम्ही मोठी माणसे कामाला लागलो. छप्पर सरळ केले, कुडावर रंगीत कागद लावला, विजेच्या माळा सोडल्या, आणि मुलांनी केलेले गाढव बाजूला ठेवून दुकानातले आणले. गोठ्याला दुसरा क्रमांक मिळाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मुले मात्र बाजूला उभी होती. त्यांच्यातला एक दहा वर्षांचा मुलगा एवढेच विचारीत होता, ‘आमचे गाढव कुठे आहे?’ ते आंब्याच्या झाडाखाली कचऱ्यात पडलेले होते, त्याचा एक पाय तुटला होता. त्यानंतर आठवडाभर मुले त्या गोठ्याकडे फारशी फिरकली नाहीत. आम्ही विचारले, तर एकीने सांगितले, ‘तो तुमचा गोठा आहे.’ नाताळच्या सकाळी पाहतो तर तीन पायांचे ते गाढव कुडाला टेकवून गव्हाणीशेजारी उभे केलेले होते. कुणी ठेवले हे आम्ही विचारले नाही. ते तेथून काढलेही नाही.

त्या दिवशी आम्हाला उमगले की मुलांचे काम सुधारताना आपण त्यांना न बोलता सांगत असतो : तुझे हात पुरेसे चांगले नाहीत, लोकांना दाखविण्यासाठी वेगळे काहीतरी हवे. ज्या देवाने स्वतःसाठी गव्हाण पुरेशी मानली, त्याच्या सणाला आपण मुलांना असे शिकवावे काय? गोठ्यांच्या स्पर्धा बंद कराव्यात असे आमचे म्हणणे नाही. त्यांमुळे उत्साह येतो. परंतु आयोजकांनी मुलांच्या गोठ्यांसाठी वेगळा विभाग ठेवावा, परीक्षकांनी मुलांना ‘हे कसे केले?’ असे विचारावे आणि त्यांच्या उत्तरांना गुण द्यावेत. झगमगाटापेक्षा हातांची मेहनत मोजली जावी.

मोठ्यांचे काम कोणते?

मग मोठ्यांनी काहीच करू नये काय? तसे नाही. त्यांनी जवळ असावे, पण हात मागे बांधून. चार-सहा वर्षांच्या मुलांनी माती मळावी, खडे वेचावेत, पाणी शिंपडावे. सात ते दहा वर्षांच्या मुलांनी गाठी बांधाव्यात, मूर्ती कराव्यात, पेरणी सांभाळावी. अकरा वर्षांपुढील मुलांना देखरेखीखाली लहान करवत व सुरी वापरू द्यावी. हत्यार दुसऱ्याच्या हाती देताना मूठ पुढे करावी, काप आपल्यापासून दूर न्यावा, काम संपले की हत्यार पुसून जागेवर ठेवावे, हे नियम आधी सांगावेत. कोयत्याने बांबू तोडणे व फोडणे हे मोठ्यांचेच काम. बांबूच्या कामटीची धार सुरीसारखी कापते, म्हणून कडा घासून घ्याव्यात.

दोन बाबतींत मात्र तडजोड नको. पेंढ्याच्या गोठ्यात किंवा त्याच्याजवळ पेटती मेणबत्ती कदापि ठेवू नये. आणि उघड्यावरच्या विजेच्या तारांची जोडणी जाणत्या माणसानेच करावी, कारण रात्री दव पडून त्या ओल्या होतात.

मुलांमध्ये भांडणे होतील. आढे कुणी धरायचे, बाळ कुणी करायचे, ह्यावरून रुसवे होतील. लगेच न्यायाधीश होऊ नये. एकाने धरल्याशिवाय दुसऱ्याला गाठ मारता येत नाही, हे बांबूच त्यांना पटवून देतो. अबोला धरलेली दोन मुले एका आढ्याची दोन टोके धरून उभी राहतात, तेव्हा समेट अर्धा झालेला असतो.

इमारतींत राहणाऱ्यांनी ‘आम्हाला अंगण नाही’ म्हणून निराश होऊ नये. गृहसंकुलाच्या आवारातील एक कोपरा, चर्चचे आवार किंवा लहान ख्रिस्ती समूहातील एखाद्याची वाडी मागून घेता येते. चार-पाच कुटुंबांनी मिळून एक गोठा केला तर तो अधिकच चांगला.

रिकामी गव्हाण आणि नाझरेथची कार्यशाळा

सारे तयार झाले तरी गव्हाण २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवण्याची आपली चाल आहे. रोमनगरीत आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी मुले आपापल्या घरच्या गोठ्यातील बाळ येशूची मूर्ती संत पेत्राच्या चौकात घेऊन जातात आणि पोप महोदय त्या मूर्तींना आशीर्वाद देतात. आपल्या धर्मग्रामांतही असा आशीर्वाद देण्यास हरकत नसावी. मुलाने स्वतः केलेले बोटभर बाळ धर्मगुरूंच्या हातून आशीर्वादित होऊन घरी आले, तर ते गव्हाणीत ठेवताना त्याचे हात थरथरतील.

हातांच्या कामाला आपल्या श्रद्धेत फार मोठे स्थान आहे. संत मत्तय प्रभूला सुताराचा पुत्र म्हणून ओळखणाऱ्या गावकऱ्यांचे शब्द नोंदवितात (मत्तय १३:५५), तर संत मार्क ह्यांच्या वृत्तांतात लोक स्वतः प्रभूलाच सुतार म्हणतात (मार्क ६:३). म्हणजे देवाच्या पुत्राने माप घ्यावयास, करवत धरावयास, लाकूड तासावयास शिकून घेतले होते. त्याच्याही हातून आरंभी एखादी फळी वाकडी कापली गेली असेल आणि संत जोसेफ ह्यांनी ती फेकून न देता पुन्हा कशी कापावी हे दाखविले असेल, असे मनन करण्यास काय हरकत आहे? मुलाजवळ संयमाने उभा राहणारा प्रत्येक पिता व प्रत्येक माता त्या वेळी नाझरेथच्या कार्यशाळेत उभे असतात.

गोठा उतरविताना

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाबरोबर नाताळकाळ संपतो आणि गोठा उतरवावयाचा दिवस येतो. हेही काम मुलांनीच करावे. पेंढा गुरांना किंवा खताच्या खड्ड्यात जावा. बांबू व सुतळी पुढील वर्षासाठी ठेवावी. गव्हाची रोपे वाडीत लावावीत किंवा शेळीला घालावीत. न रंगविलेल्या मातीच्या मूर्ती पाण्यात ठेवल्या की पुन्हा माती होते. ती झाडाच्या बुंध्याशी घालावी. कचऱ्याच्या गाडीत टाकावे असे जवळजवळ काहीच उरत नाही.

थर्माकोलच्या गोठ्याचे मात्र तसे नाही. तो मोडतो, पण कुजत नाही. त्याचे दाणे वाऱ्याबरोबर नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातात. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, ती काही उगीच नव्हे. पृथ्वी हे आपले सामायिक घर आहे आणि तिची निगा राखणे हा श्रद्धेचाच भाग आहे, असे पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली आपल्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात सांगितले. गोठा उतरवताना मुलांना ते परिपत्रक वाचून दाखविण्याची गरज नसते. आपण घेतलेले सारे जेथून घेतले तेथे परत गेले, हे त्यांनी पाहिलेले असते. ग्रेच्चोच्या त्या गव्हाणीतील गवतही नंतर लोकांनी जपून ठेवले आणि आजारी जनावरांना श्रद्धेने खाऊ घातले, असे संत फ्रान्सिस ह्यांचे चरित्रकार नोंदवितात.

प्रिय पालकहो, ह्या वर्षी तयार गोठ्याचे खोके माळ्यावरच राहू द्या. चार बांबू, दोन जुड्या पेंढा, एक घमेले माती आणि मूठभर गहू एवढेच मुलांना द्या. त्यासोबत आपले काही रविवार द्या. जो गोठा उभा राहील तो कदाचित कललेला असेल. शेजारी हसतील. पण बेथलेहेमची जागाही कुठे नीटनेटकी होती? तेथे आलेल्या मेंढपाळांच्या हातांना मातीच लागलेली होती आणि त्यांनाच प्रथम दर्शन घडले.

बाळ येशू आपल्या मुलांच्या हातांना आशीर्वाद देवो, आणि ते हात तसेच राहू देण्याचे शहाणपण आपणा मोठ्यांना देवो, हीच प्रार्थना.